एक बंदूक, पुरता सराव
(परवानाधारक शेतकरी, ग्रामरक्षक व शिक्षक यांच्यासाठी एक पाठ)

बुऱ्हाणपूर शहरात शनवारा, इतवारा, बुधवारा अशा वारांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्त्या आहेत. बुधवाऱ्यासारख्या वस्तीत घर आणि तापीच्या खोऱ्यात किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी केळीची बाग, अशी ज्यांची राहणी आहे त्यांना रानडुकरांचा उपद्रव नवा नाही. एका रात्रीत कळप शिरला की वर्षाची मेहनत मातीस मिळते. अशा वेळी घरात परवान्याची बंदूक असल्यास मनाला धीर येतो. परंतु हा धीर कितपत खरा व कितपत फसवा, याचा विचार फारसा होत नाही. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. एक परवानाधारक शेतकरी शेजारच्या निवृत्त सुभेदारांकडे सल्ल्यासाठी येतो.

“काका, घरची दुनळी आता जुनी झाली. केळीचे थोडे पैसे आले आहेत. एक नवी बंदूक घ्यावी म्हणतो. कायद्याने दोन ठेवता येतात ना?”

“ठेवता येतात. पण मला आधी हे सांग, गेल्या वर्षी तू किती काडतुसे उडविलीस?”

“दोन. रानडुकरांना भिवविण्यासाठी, हवेत.”

“नेम धरून किती?”

“एकही नाही, काका.”

“मग तुझी बंदूक जुनी झालेली नाही, तुझा हात जुना झाला आहे. नवी बंदूक आणलीस तरी हात तोच राहणार.”

या संभाषणात आजच्या पाठाचे सार आलेले आहे. पैसा मोजका असेल तर तो दुसऱ्या शस्त्रावर घालावा की हाती असलेल्या शस्त्राच्या सरावावर, असा हा प्रश्न आहे. बंदूक एकदाच विकत घेतली जाते, सराव मात्र आयुष्यभर विकत घ्यावा लागतो. म्हणून दुसऱ्याची तरतूद होत नसेल तर पहिल्याचा हव्यास धरू नये.

असीरगडाचा धडा

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस असलेला असीरगड सर्वांच्या परिचयाचा आहे. फारूकी राजवटीच्या अखेरीस या किल्ल्यात तोफा, दारूगोळा व धान्य यांचा मोठा साठा होता. तरीही दीर्घ वेढ्यानंतर जानेवारी १६०१ मध्ये किल्ला अकबराच्या हाती गेला. आत रोगराई पसरली होती, शिबंदीचे मन खचले होते आणि पैशाचे आमिषही चालले. भांडार भरलेले होते, परंतु त्यामागची माणसे तयार राहिली नव्हती. राज्याच्या बाबतीत जे घडले तेच घराच्या बाबतीतही घडू शकते. कपाटातील शस्त्र हे बळ नव्हे. ते वापरण्याची, आणि त्याहूनही अधिक, ते न वापरण्याची शिस्त हे खरे बळ होय.

कायदा काय सांगतो

शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याअन्वये परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बाळगता येत नाही. पूर्वी एका व्यक्तीस तीन अग्निशस्त्रे ठेवता येत असत. २०१९ च्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आणण्यात आली. वारसाहक्काने आलेले शस्त्रही या मर्यादेतच मोजले जाते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे करण्यात आली.

शस्त्र नियम, २०१६ यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने शस्त्र व दारूगोळा यांच्या सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेतले पाहिजे, अशी तरतूद त्यांत आहे. सुरक्षित हाताळणी, गोळी झाडण्याची पद्धत, शस्त्राची निगा, साठवण व ने-आण हे विषय या प्रशिक्षणात येतात. म्हणजे शिक्षणाविना शस्त्र नको, हे तत्त्व कायद्यानेच मान्य केले आहे. परंतु प्रशिक्षण एकदाच होते आणि परवाना पाच वर्षे चालतो. मधल्या काळात हात गंजणार नाही, हे पाहणे परवानाधारकाचे कर्तव्य आहे.

याखेरीज चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नावावर नसतो. वडिलांची बंदूक मुलाने राखणीस नेणे हा गुन्हा ठरतो. परवानाधारक मृत्यू पावल्यास शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाप्राप्त विक्रेत्याकडे जमा करावे लागते.

दुसरी गोष्ट, लग्नाच्या वरातीत किंवा सणासमारंभात आनंदाने बार काढणे हा २०१९ च्या दुरुस्तीनुसार स्वतंत्र गुन्हा आहे. इतरांच्या जीवितास धोका होईल अशा बेपर्वा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वर गेलेली गोळी कोठेतरी खाली येतेच.

तिसरी गोष्ट, पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये उभ्या पिकास उपद्रव देणारा वन्यप्राणी मारावयाचा असल्यासही सक्षम वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या शस्त्रधारकांना वन विभागाकडे नोंदणी करावी लागते, अशीही तरतूद त्याच अधिनियमात आहे.

चौथी गोष्ट, शस्त्र परवान्यावर नमूद केलेल्या प्रयोजनासाठीच वापरावयाचे असते. मळ्यात डबे टांगून त्यांवर गोळ्या झाडणे हा सराव नव्हे, तो अपघाताचा व खटल्याचा मार्ग आहे. जिवंत काडतुसांचा सराव परवानाप्राप्त नेमबाजी मैदानावर, जाणकाराच्या देखरेखीखालीच करावा.

बंदूक ओळखणे हाच पहिला सराव

अनेक परवानाधारकांना आपल्या बंदुकीची ओळख नावापुरतीच असते. ‘बारा बोअर’ म्हणजे काय, असे विचारल्यास उत्तर येत नाही. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो. या नळीतून सुटणारे छर्रे जसजसे पुढे जातात तसतसे पसरतात. नळीचे तोंड किती निमुळते आहे, यावर हा पसारा अवलंबून असतो.

हा पसारा मोजण्याची सर्वमान्य रीत आहे. मैदानावर ४० यार्ड, म्हणजे सुमारे ३६ मीटर अंतरावर मोठा कागद लावून एक बार काढावयाचा. मग जेथे छर्रे सर्वांत दाट लागले असतील तेथे ३० इंच व्यासाचे वर्तुळ आखून आतील भोके मोजावयाची. पूर्ण निमुळत्या नळीतून सुमारे ७० टक्के छर्रे या वर्तुळात पडतात, तर सरळ नळीतून केवळ ४० टक्के. उरलेले कोठे गेले? ते वर्तुळाबाहेर गेले. तेथे गोठा असेल, बैल असेल किंवा माणूस असेल. चार काडतुसांच्या खर्चात मिळणारे हे ज्ञान नव्या बंदुकीच्या किमतीतही मिळत नाही.

पल्ल्याचेही तसेच आहे. बारा बोअरच्या छर्ऱ्यांचा नेमका उपयोग ३५ ते ४० मीटरपर्यंतच होतो, परंतु धोका त्याच्या कितीतरी पुढे जातो. लहानशी वाटणारी पॉइंट बावीसची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. लक्ष्याच्या मागे काय आहे, हे ठाऊक नसताना चाप ओढणारा मनुष्य स्वतःच्या नकळत सबंध शिवारावर गोळी झाडीत असतो.

बिनखर्चाचा सराव

सराव म्हणजे काडतुसे उडविणे, ही समजूत चुकीची आहे. नेमबाजीतील बराचसा भाग गोळीविना शिकता येतो. उभे राहण्याची ढब, दस्ता खांद्यात नेमका बसविणे, गाल टेकणे, पुढच्या माशीवर नजर स्थिर ठेवणे, श्वास रोखणे आणि हिसका न देता चाप दाबणे, या सर्व गोष्टी रिकाम्या बंदुकीनेही अंगवळणी पडतात. त्याची पद्धत पुढीलप्रमाणे ठेवावी.

१) सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलूपबंद ठेवावीत. सरावाच्या खोलीत एकही काडतूस असू नये.

२) बंदूक उघडून दोन्ही नळ्या डोळ्यांनी व बोटाने तपासाव्यात. घरातील दुसऱ्या प्रौढ व्यक्तीकडूनही तपासून घ्याव्यात.

३) ठासणीची बंदूक असल्यास टोपी काढावी व गज नळीत सोडून पाहावा. नळी रिकामी असताना गज कोठवर जातो, याची खूण आधीच करून ठेवलेली असावी. गज त्या खुणेपूर्वीच अडला तर बंदूक भरलेली आहे असे समजावे व सराव थांबवावा. अशा बंदुकीचा घोडा मोकळा आपटू नये, तिच्यावर केवळ नेम धरण्याचा सराव करावा.

४) बारा बोअरच्या नळीत विक्रेत्याकडे मिळणारे नकली काडतूस घालावे, म्हणजे आतील टाचणीस इजा होत नाही.

५) नेम धरावयाची खूण जाड भिंतीवर किंवा मातीने भरलेल्या पोत्यांवर लावावी. दार, खिडकी, आरसा किंवा माणूस यांच्याकडे नळी कदापि वळू नये.

६) नळीवर एक नाणे ठेवून चाप दाबावा. नाणे न पडता चाप दाबला गेला, म्हणजे हात स्थिर झाला असे समजावे.

आठवड्यातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे असा सराव केल्यास वर्षाकाठी सव्वीस तास होतात आणि त्यास नकली काडतुसाखेरीज खर्च येत नाही. जो मनुष्य हे सव्वीस तास देण्यास तयार नाही, त्याने दुसऱ्या बंदुकीचा अर्ज लिहिण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

मोजक्या पैशाची वाटणी

परवान्याच्या पाच वर्षांच्या मुदतीत शस्त्रासाठी जी रक्कम बाजूला काढता येईल तिचे शंभर भाग कल्पावेत. आमच्या मते सामान्य परवानाधारकाने त्यांची वाटणी साधारण अशी करावी : सुरक्षित कपाट, कुलपे, तेल व दुरुस्ती यांसाठी वीस भाग, प्रशिक्षण, मैदानाचे शुल्क व प्रवास यांसाठी वीस भाग, जिवंत काडतुसांसाठी चाळीस भाग, नकली काडतुसे व एअर रायफलच्या छर्ऱ्यांसाठी दहा भाग, आणि अडीअडचणीसाठी दहा भाग. या वाटणीत दुसऱ्या बंदुकीस जागा नाही, ही गोष्ट वाचकांच्या लक्षात येईलच. पहिल्या बंदुकीची ही सर्व देणी फिटल्यावर काही उरले, तरच तिचा विचार करावा.

काडतुसे वर्षाला किती व एका वेळी किती बाळगावयाची, हे परवान्यावर लिहिलेले असते. या मर्यादेत राहून वर्षातून दोन वेळा मैदानावर जावे आणि दर वेळी दहा काडतुसे वापरावीत. पहिल्या फेरीत दोन काडतुसे पसारा तपासण्यासाठी व आठ नेमासाठी ठेवावीत. दहा बार घाईने काढण्यापेक्षा प्रत्येक बारानंतर कागदाजवळ जाऊन चूक शोधावी. एका वहीत तारीख, अंतर, काडतुसाचा प्रकार व लागलेली जागा यांची नोंद ठेवावी. रिकाम्या पुंगळ्याही हिशेबासाठी जपून ठेवाव्यात.

दोन नेमबाजांची उदाहरणे

आधी सराव व मग शस्त्र, हा क्रम किती फलदायी ठरतो याचे उदाहरण मराठी मुलखातच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील एका शिक्षकाचा मुलगा, स्वप्नील कुसाळे, २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. प्रारंभीची वर्षे त्याने प्रशिक्षणात घालविली. २०१५ मध्ये रेल्वेत नोकरी लागली, आणि स्वतःची रायफल आली ती त्या पगारातून. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळविले.

दुसरे उदाहरण आपल्या निमाडातील आहे. खरगोन जिल्ह्यातील रतनपूर गावच्या शेतकरी कुटुंबातील ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हा भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत तयार झाला. टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिक स्पर्धांत तो उतरला. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर रायफलच्या सांघिक प्रकारात भारताने सुवर्णपदक जिंकले. त्या तिघांच्या संघात निमाडचा ऐश्वर्य आणि कोल्हापूरचा स्वप्नील एकत्र होते. मैदान, मार्गदर्शक आणि शिस्त या गोष्टी संस्थेने पुरविल्या, आणि वर्षानुवर्षांचे कष्ट त्यांनी स्वतः घेतले.

शिक्षकांनी ही उदाहरणे विद्यार्थ्यांना जरूर सांगावीत. राष्ट्रीय छात्रसेनेची तुकडी असलेल्या शाळा-महाविद्यालयांत छात्रांना मोजक्याच गोळ्या मिळतात. त्या वाया जाऊ नयेत म्हणून आधी नेम धरण्याचा कोरडा सराव कसून करून घ्यावा. जेथे मान्यताप्राप्त रायफल क्लब आहे तेथे साडेचार मिलिमीटरच्या एअर रायफलने दहा मीटरवर सराव करता येतो. तीत दारू नसते, छर्रा स्वस्त असतो आणि चूक लगेच दिसते. कमी शक्तीच्या एअर रायफलीस सामान्यतः परवाना लागत नाही, तथापि खरेदीपूर्वी जिल्हा दंडाधिकारी कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर होय.

संस्थांनीही हाच हिशेब करावा

जे घराला लागू तेच कार्यालयांना व रक्षक दलांनाही लागू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील नेपानगर भागात बाकडी येथील वनचौकीवर जमावाने चालून जाऊन वन विभागाच्या बंदुका व काडतुसे लुटून नेली. ही घटना सर्व संबंधितांनी विचारात घ्यावी अशी आहे. शस्त्र खरेदीच्या यादीत येते तेव्हा त्याच यादीत पक्की खोली, पहारा, आणि ते वापरणाऱ्याचा नियमित सराव यांचीही तरतूद असली पाहिजे. ज्या चौकीत ही तरतूद करता येत नाही, तेथे शस्त्रांचा साठा म्हणजे बळ नसून ओझे ठरते. अंदाजपत्रक तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनी शस्त्रांची संख्या आणि सराव झालेल्या माणसांची संख्या शेजारीशेजारी लिहून पाहावी. दुसरा आकडा लहान असेल तर पुढील वर्षाचा पैसा त्याच्याकडे वळवावा.

सर्वांत मोठा नेम : न झाडलेली गोळी

आता मूळ प्रसंगाकडे वळू. रात्रीचे दोन वाजले आहेत. केळीच्या पानांत सळसळ होते. काळे काहीतरी वाकलेले हलते आहे. राखणदाराच्या मनात एकच विचार येतो, की डुक्कर आले.

परंतु शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीच येते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. पाणी देणारा मजूर त्याच बागेत वाकून दंड फोडीत असू शकतो. त्याची बायको डबा घेऊन बांधावरून येत असू शकते. सळसळीवर नेम धरणाऱ्यास हे दिसत नाही, कारण त्याने आवाज आणि सावली यांनाच लक्ष्य मानलेले असते.

म्हणून राखणीचा एक नियम मनावर कोरून ठेवावा : जे पूर्ण दिसले नाही व ओळखले नाही, त्यावर चाप ओढावयाचा नाही. अंधार पडण्यापूर्वी बागेत कोण कोण आहे, याची विचारपूस करावी. पाणी देणाऱ्यांनी कंदील किंवा विजेरी बाळगावी व ठरलेली हाळी द्यावी. हाक मारल्याशिवाय, उत्तराची वाट पाहिल्याशिवाय आणि प्रकाश टाकल्याशिवाय बोट चापावर जाऊ नये. डुक्कर पळाले तर पीक थोडे जाईल, पण माणूस गेला तर दोन घरे उजाड होतील. एक घर मृताचे आणि दुसरे गोळी झाडणाऱ्याचे.

हा सरावही बिनखर्चाचा आहे. किंबहुना सर्व सरावाचा अंतिम हेतू हाच आहे. ज्याचा हात बसलेला आहे त्याला घाई नसते. त्याला आपली बंदूक किती अंतरावर काय करील हे ठाऊक असते, म्हणून तो थांबू शकतो. ज्याने वर्षभर बंदूक हाती घेतलेली नाही तोच घाबरून चाप ओढतो.

सुभेदारांनी त्या शेतकऱ्यास अखेरीस जे सांगितले असते ते असे : “नव्या बंदुकीचे पैसे तसेच राहू दे. बागेभोवती आधी चांगले कुंपण घाल. उरतील त्यांतून एक पक्के कपाट घे आणि या वर्षी दोनदा मैदानावर जा. पाच वर्षांनी परवाना नवा करताना पुन्हा माझ्याकडे ये. तेव्हाही दुसरी बंदूक हवीशी वाटली, तर आपण बोलू.”

स्वाध्याय

१) आपल्या परवान्यावर कोणते प्रयोजन, कोणते क्षेत्र व किती काडतुसे नमूद आहेत, ते वाचून वहीत लिहा.
२) आपल्या बंदुकीचा पसारा कधी तपासला होता? तपासला नसल्यास जवळचे परवानाप्राप्त मैदान कोठे आहे, याची चौकशी करा.
३) गेल्या वर्षी शस्त्रावर किती खर्च झाला व सरावावर किती, हे दोन आकडे शेजारी लिहा.
४) रात्री बागेत असणाऱ्या सर्वांसाठी एक ठरलेली हाळी निश्चित करा व ती घरातील मुलांनाही शिकवा.